खडकवाडीच्या मेंढपाळाचं चित्र

जबाब दि. १८/१२/२०२५

माझे नाव सौ. सगुणा सॅम्युएल पाटोळे, वय ५२ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण दहावी पास, धर्म ख्रिस्ती, राहणार भिंगार, अहिल्यानगर, माहेर खडकवाडी, तिसगावजवळ, तालुका पाथर्डी. मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले असून साहेबांच्या पुढ्यात बसून तोंडी सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती सॅम्युएल व मुलगी प्रार्थना असे तिघे राहतो. पती एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. घरचा जमाखर्च मी बघते व आमच्या चर्चच्या महिला मंडळाचा हिशोबही माझ्याकडेच आहे.

सावेडी भागातील कलादालनाचे (नाव फिर्यादीत आले आहे) व्यवस्थापक सुनील सर यांनी माझ्या मुलीविरुद्ध फिर्याद दिली आहे की, तिने कलादालनातील एक जुने कापडी चित्र बाहेर नेले व परत दिले नाही. चित्र नेले हे खरे आहे. परत दिले नाही हेही खरे आहे. पण तिने ते चोरलेले नाही. ते कुठे आहे हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे, पण ती सांगत नाही आणि सांगणारही नाही. मी इथे आले आहे हे तिला माहीत नाही. मी तिला मंडईत जाते असे सांगून निघाले आहे. मला एवढेच सांगून परत जायचे होते, पण साहेब म्हणाले, "बाई, असं शेवटाकडून नका सांगू, आमच्या डोक्यात शिरत नाही. पहिल्यापासून सांगा." म्हणून पहिल्यापासून सांगते.

प्रार्थना गेल्या वर्षी बी.कॉम. झाली. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी माझी इच्छा होती व त्याची जुनी पुस्तके मी निम्म्या भावात आणून ठेवली होती. तिच्या कॉलेजच्या बाईंनी तिला कलादालनात इंटर्नशिपला जा असे सुचवले. ती घरी येऊन मला म्हणाली. मी विचारले, "इंटर्नशिप म्हणजे काय?" ती म्हणाली, "शिकायला जायचं, मम्मी." "मग फी किती?" "फी नाही." "पगार?" "पगारपण नाही." मी म्हणाले, "म्हणजे फुकट राबायचं आणि वर रिक्षाचं भाडं आपलं." माझे पती जेवत होते. ते म्हणाले, "जाऊ दे की तिला. घरात बसून फुकट मोबाईल बघतीच आहे." तेव्हा मी नाइलाजाने हो म्हणाले.

सुरुवातीला तिला तिकिटे फाडणे, चित्रांखाली नावाच्या पट्ट्या लावणे, शाळेच्या पोरांना 'हात लावू नका' म्हणणे अशी कामे होती. संध्याकाळी ती आंबलेली यायची. पुढे तिला काकासाहेबांच्या हाताखाली दिले. काकासाहेब हे कलादालनात जुन्या चित्रांची डागडुजी करतात. वयाने मोठे आहेत, पूर्वी सिनेमाचे फलक रंगवत असत. सगळे त्यांना काका म्हणतात. तेव्हापासून प्रार्थना उशिरा येऊ लागली, पण आंबलेली नसे. जेवताना काकांच्याच गोष्टी. काका म्हणे तिला पहिल्या दिवशी म्हणाले, "चित्रावरची काजळी पुसायची नसती, पोरी. तिला इचारायचं, निघती का? न्हाई म्हणली तर गप ऱ्हायचं. उद्या परत इचारायचं."

एकदा तिने सांगितले की, बारीक काडीला कापूस गुंडाळून तो जिभेवर ओला करायचा आणि त्याने चित्र साफ करायचे, थुंकीइतके हलके दुसरे काही नाही. मी ताट बाजूला सारले. मी म्हणाले, "देवादिकांच्या चित्रांना थुंकी लावतेस?" ती म्हणाली, "मम्मी, प्रभूने थुंकीचा चिखल करून आंधळ्याच्या डोळ्याला लावला, हे तूच शिकवलंस ना?" मी म्हणाले, "ते प्रभू होते." माझे पती म्हणाले, "आणि ते तंबाखू खात नव्हते. काकांचं काय?" त्यावर बापलेक पुष्कळ हसले. मीही हसले असेन. ते दिवस मला आठवतात. घरात तेव्हा संध्याकाळी रोज काहीतरी नवीन ऐकायला मिळत असे.

मार्च महिन्यात कलादालनाने जिल्ह्यातल्या जुन्या देवळांतील व प्रार्थनाघरांतील चित्रांचे प्रदर्शन करायचे ठरवले. प्रार्थना तिथे बोलून गेली की, माझ्या मम्मीच्या गावच्या चर्चमध्ये एक चित्र आहे. सदरचे चित्र हेच.

चित्राबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते. ते जाड कापडावर तैलरंगात काढलेले आहे. फार पूर्वी गावात मिशनच्या शाळेवर कोणी मास्तर होते, त्यांनी ते काढले असे म्हणतात. त्यांचे नाव कोणाला सांगता येत नाही. विषय हरवलेल्या मेंढराचा आहे. पण मेंढपाळ आपल्याकडचा आहे. धोतर, पागोटे, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीवर मेंढरू. मागे वृद्धेश्वराचा डोंगर आहे, तो आमच्या चर्चच्या दारातून दिसतो तसाच. खाली बाभळी आहेत आणि बाकीची मेंढरे दूर उभी आहेत.

मी लहान असताना दिवाळी झाली की आमच्या गावची माणसे कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जात. अजूनही जातात. माझे आईवडीलही जात. पहाटे ट्रक यायचा. थोरल्या भावंडांना नेत. मी अंगाने बारीक आणि सारखी खोकणारी, म्हणून मला मरियमबाईंकडे ठेवून जात. माझ्यासारखी आणखीही पोरे त्यांच्याकडे असत. मरियमबाई या लवकर विधवा झालेल्या, त्यांना मूलबाळ नव्हते. त्या चर्चची झाडलोट करत, घंटा वाजवत आणि दर रविवारी शब्बाथ शाळा घेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अ सुद्धा काढता येत नव्हता. शिकवायला त्यांच्याकडे ते एक चित्रच होते. कोणतीही गोष्ट सांगायची झाली तरी त्या चित्रापाशीच येऊन थांबत. नोहाचे तारू सांगत असल्या तरी शेवटी मेंढपाळ यायचाच.

रविवारी त्या खुंटीला चित्र अडकवत आणि वेळूची काठी लावून विचारत, "ह्यो बाकीची मेंढरं रानात ठिवून एकासाठी गेला. का गेला?" आम्ही म्हणायचो, "हरवलं म्हणून." "मंग तवर बाकीच्यांनी काय करायचं?" याचे उत्तर मात्र त्याच सांगत, "गप बसून वाट बघायची. रडायचं न्हाई. त्यो येतोच." संध्याकाळी आमच्यापैकी कोणी रडायला लागले की त्या काठी घेऊन चर्चच्या दिशेने नुसते दाखवत. मग पोर गप्प होई. गुढीपाडव्याच्या सुमारास ट्रक परत येई.

त्या आणखी एक सांगत. "वाटंत त्येच्या पायात बाबळीचा काटा मोडला. तरी खाली बसला न्हाई." आम्ही चित्राच्या जवळ जाऊन बघायचो. पाय काळा दिसायचा, बाकी काही नाही. आम्ही म्हणायचो, "बाई, काटा कुठंय?" त्या म्हणत, "हाय. तुमचं डोळं लहान हाईत आजून." आम्हाला वाटायचे, बाई मनाचे घालतात. बायबलात काटा नाही, हे मी पुढे वाचायला लागल्यावर स्वतः बघितले आहे.

हे फिर्यादीच्या कामाचे नाही असे साहेब म्हणाले नाहीत, म्हणून सांगितले.

मार्चमध्ये एका रविवारी उपासनेनंतर सुनील सर, काका, प्रार्थना व मी खडकवाडीस गेलो. पंचमंडळी चर्चमध्ये बसली होती. सुनील सर म्हणाले, "आम्हाला हे चित्र प्रदर्शनासाठी द्या. साफही करून देऊ." पंच म्हणाले, "न्या. आपल्या सगुणाची पोर हाय तिथं. कागद कशाला?" त्यामुळे कागद झाला नाही. चित्र कायमचे दिले असे फिर्यादीत लिहिले आहे, ते बरोबर नाही. मी तिथे हजर होते. मरियमबाईंना डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते, तरी त्या भिंतीला धरून आल्या होत्या. त्यांनी विचारले, "कवा आणून देताल?" सुनील सर म्हणाले, "प्रदर्शन झालं की लगेच, आजी." त्यांच्या शेजारी झुंबरबाई उभ्या होत्या. झुंबरबाई या मरियमबाईंच्या शेजारीण, आमच्या धर्माच्या नाहीत, पण दोघींची चूल निम्मी एकच होती. त्या म्हणाल्या, "न्हेताव खरं, पन तवर ह्या म्हातारीनं भिताडाकडं बघून काय करायचं?" मरियमबाई म्हणाल्या, "तुज्याकडं बघीन की. तू काय कमी काळी हायेस?" सगळे हसले. चित्र गाडीत ठेवेपर्यंत मरियमबाई दारात उभ्या होत्या.

त्यानंतर उन्हाळाभर व पावसाळ्यात काका आणि प्रार्थना त्या चित्रावर काम करत होते. चर्चमध्ये वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमण्या, कंदील, नंतर गॅसबत्ती जळत होती, त्या सगळ्याची काजळी त्यावर होती. सहा महिन्यांची इंटर्नशिप कधीच संपली होती, पण प्रार्थना जात राहिली. मी एकदाच म्हणाले, "संपलं ना आता?" ती म्हणाली, "अजून कमरेपर्यंतच आलोय, मम्मी."

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिचा फोन आला, "मम्मी, आत्ताच्या आत्ता ये." मला वाटले काही अपघात झाला. मी रिक्षा केली आणि घासाघीस केली नाही. कलादालनाच्या मागच्या खोलीत चित्र टेबलावर आडवे होते. काका बाजूला झाले. प्रार्थनाने माझ्या हातात भिंग दिले आणि म्हणाली, "पायाकडे बघ."

तळपायात काटा होता. बारीक काळी रेघ, मोडलेली, आणि तिच्याजवळ लाल ठिपका. पाय त्याने अर्धवट उचललेला होता, टाच टेकवलेली नव्हती.

मी खुर्चीवर बसले. काकांनी पाणी दिले. मरियमबाईंनी ते चित्र काजळी धरायच्या आधी, स्वतः पोर असताना पाहिले असणार, हे माझ्या ध्यानात आले. प्रार्थना माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मम्मी, मला हेच करायचंय. जन्मभर. बँक नाही." काका म्हणाले, "बाई, मी फलक रंगवत आलो, मला जेवढं येतंय तेवढं हिनं घेतलं. आता हिला माझ्यापुढं पाठवा. मुंबईला म्युझियममध्ये ह्याचं रीतसर शिक्षण देत्यात." घरी आल्यावर बँकेची पुस्तके मी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत.

प्रदर्शन सप्टेंबरात लागले व ऑक्टोबरात संपले. मरियमबाई पडल्यामुळे येऊ शकल्या नाहीत. प्रदर्शन संपल्यावर गावच्या पंचांनी विचारणा केली तेव्हा सुनील सर म्हणाले, जरा थांबा. पुण्याचे कोणी गृहस्थ चित्र बघून गेले होते आणि त्यांना ते हवे होते, असे प्रार्थनाकडून समजले.

नोव्हेंबरमध्ये झुंबरबाईंचा फोन आला. "सगुणे, म्हातारीचं काय खरं न्हाई. सारखी भिताड चाचपडती." प्रार्थनाने काकांना सांगितले. काका म्हणाले, "घेऊन जा. दाखव तिला. सुनीलला मी सांगतो." सुनील सर म्हणतात मला कोणी सांगितले नाही. काका दुसऱ्याच दिवशी आजारी पडून मुलीकडे संगमनेरला गेले, त्यामुळे सांगायचे राहिले असावे. त्याबद्दल काकाच सांगू शकतील.

प्रार्थना व मी एस.टी.ने गेलो. चित्र जाड पाइपावर गुंडाळून, वरून माझी धुतलेली सुती साडी बांधून मांडीवर आडवे घेतले होते. कंडक्टर म्हणाले, "ताई, पाइपाचं तिकीट लागंल." प्रार्थना म्हणाली, "पाइप नाही, भाऊ, आत मेंढरं आहेत. शंभर. सगळ्यांचं फाडता का?" ते म्हणाले, "मंग हाफ फाडतो, मेंढरं लहान असतील." आणि तिकीट न फाडता पुढे गेले.

गावात फारशी माणसे नव्हती. बहुतेक कोयत्यावर गेलेली. मरियमबाई खाटेवर होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखले. प्रार्थनाने खाटेसमोरच्या भिंतीवर चित्र लावले. त्यांना काही दिसत नव्हते. मग प्रार्थनाने चित्र परत काढले आणि त्यांच्या मांडीवर धरले. चित्राला कोणाचे बोट लागलेले तिला खपत नाही. मी एकदा साफ केलेल्या जागेवर बोट नेले होते तेव्हा तिने माझा हात धरला होता. तिने मरियमबाईंचे बोट स्वतःच्या हातात घेतले आणि मेंढपाळाच्या तळपायावर नेऊन ठेवले.

मरियमबाई म्हणाल्या, "हाय का काटा?"

प्रार्थना म्हणाली, "हाय, बाई."

"मंग. म्या काय खोटं सांगत हुते व्हय?"

त्यानंतर त्या मला म्हणाल्या, "सगुणे, बघ, तुजं डोळं मोठं झालं का?" मी हो म्हणाले. मग प्रार्थनाने चित्र पुन्हा भिंतीवर लावले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाला मुंबईला म्युझियमच्या मुलाखतीस जायचे होते. तिला चित्र घेऊन निघायचे होते, पण ते भिंतीवरून काढायला तिचा हात धजेना. ती म्हणाली, "मम्मी, चार दिवस राहू दे. मी मुंबईहून आले की नेते." ती गेली. मी मरियमबाईंजवळ राहिले. मी त्यांना न्हाऊ घालत असे व संध्याकाळी स्तोत्रे वाचत असे. मी वाचताना चुकले की त्या दुरुस्त करत. त्यांना सगळी पाठ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मरियमबाई गेल्या. वय नव्वदीच्या आसपास असावे. त्यांची जन्मतारीख कोणाकडे नाही.

तिसगावहून पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. पेटी टेम्पोने आली. पुरुष फार थोडे होते, त्यामुळे बरेचसे आम्ही बायकांनीच केले. मी त्यांना अंघोळ घातली व पांढरे पातळ नेसवले. आमच्या गावात रीत आहे की, गेलेल्या माणसाच्या हातात त्याचे बायबल देतात आणि मग पेटी बंद करतात. पाळकसाहेबांनी विचारले, "बाईंचं पुस्तक कुठंय?" बाईंना वाचताच येत नव्हते, त्यामुळे त्यांचे पुस्तक कधी नव्हतेच. पाळकसाहेब नवीन आहेत, त्यांना हे माहीत नव्हते. एका बाईने आपले बायबल पुढे केले. पाळकसाहेब म्हणाले, "ज्याचं त्याचंच द्यावं लागतं."

तेव्हा झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "आवो, तिचं पुस्तक त्ये काय भिताडाला हाय."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितले. पाळकसाहेबांनी मानेनेच हो म्हटले. चित्र मी खाली काढले. ते कलादालनात परत द्यायचे आहे, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनात आली नाही. मला एवढेच वाटत होते की ते आपल्या जागी आले आहे. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. मी ते गुंडाळले, मऊ फडके लावले आणि मरियमबाईंच्या दोन्ही हातांत दिले. नंतर पेटी बंद झाली. दफन खडकवाडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाले, जागा बाभळीच्या अलीकडे आहे. हजर असलेले सगळे सांगतील.

दफनानंतर मी घरी आले व दोन दिवसांनी प्रार्थनाही परत आली; मुलाखतीत मन लागणार नाही म्हणून मी तिला फोन केला नव्हता. हातात पेढे होते. मुंबईच्या म्युझियममध्ये चित्रांच्या जतनाच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. तिने मला आधी पेढा भरवला, मग मरियमबाईंचे विचारले. मी सांगितले. ती रडली. मग म्हणाली, "चित्र कुठं ठेवलंस?" तेही सांगितले. ती उंबऱ्यातच बसली. मला वाटले आता ओरडेल. तिने एवढेच विचारले, "गुंडाळलं कसं?"

मी म्हणाले, "तू शिकवलंस तसं. रंग बाहेरच्या बाजूनं. घडी घातली नाही."

ती म्हणाली, "बरं केलंस."

नंतर तिने कलादालनात जाऊन सांगितले की, चित्र मला देता येणार नाही, कारण विचारू नका, शिक्षा द्यायची ती मला द्या. त्यावरून ही फिर्याद झाली. मी तिला पुष्कळ समजावले की खरे सांगून टाक. ती म्हणाली, "खरं सांगितलं की ते कबर उघडतील, मम्मी." मी म्हणाले, "उघडू देत, चित्र तरी निघेल." हे मी म्हणाले, कारण मी तिची आई आहे. तिला मुंबईत जानेवारीत हजर व्हायचे आहे आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. नावावर चोरीची फिर्याद असेल तर दाखला मिळत नाही. तिने मला विचारले, "काळ्या जमिनीत ओल किती असते तुला माहीत आहे का?" मग तिनेच सांगितले की आधी कापड सडते, मग रंगाचे पोपडे सुटतात, कोणता रंग आधी सुटतो तेही सांगितले. हे सगळे काकांनी तिला शिकवले आहे. ज्या चित्राचा एकेक बोट भाग तिने पुढे आणला, त्याचे रोज काय होत आहे हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते. तरी ती उघडू नका म्हणते. त्यापुढे मी तिच्याशी वाद घातला नाही. ती जेवत नाही. तिने आमच्याकडचा कापूस आणि काड्या डब्यात भरून माळ्यावर ठेवून दिल्या आहेत. ते बघून मी आज आले.

साहेबांनी माझ्यासमोर काकासाहेबांना फोन लावला व सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. काकांनी ऐकून घेतले. थोडा वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग ते म्हणाले, "म्हातारीच्या हातात दिलं? मग बरोबर माणसाकडं गेलं. साहेब, चित्र न्यायला मी सांगितलं होतं, पोरीनं मनानं नेलेलं न्हाई. सुनीलला सांगायचं राहिलं ती चूक माझी. मी उद्या पहिल्या गाडीनं येतो आणि लिहून देतो. सुनीलशीपण मी बोलतो. तुम्ही पोरीला दाखला द्या." साहेब म्हणाले, "ते सगळं तपासावर आहे." काका म्हणाले, "तपासा. पण पोरगी मुंबईला गेली पायजे. आपल्याकडं अशी चित्रं गावोगाव काजळीखाली पडलीत, साहेब. मी आता किती दिवस पुरणार?"

त्यानंतर साहेबांनी मला विचारले की, फिर्यादीने आग्रह धरला तर कबर उघडण्यास तुमची हरकत आहे काय. मी विचार करण्यासाठी थोडा वेळ मागितला व तो त्यांनी दिला. माझी हरकत आहे. माझ्या मुलीचे नुकसान झाले तरी हरकत आहे. साहेबांनी हे पुन्हा विचारून खात्री करून घेतली आहे. कबर उघडण्यास माझी व माझ्या मुलीची हरकत सारखीच आहे, हे तिला आज घरी गेल्यावर मी सांगणार आहे. चित्र गुंडाळणारी व पेटीत देणारी मी आहे. काही कारवाई करायची असेल तर माझ्यावर करावी आणि प्रार्थनाचे नाव कमी करावे, ही विनंती.

हा जबाब महिला पोलीस जया मॅडम यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे उतरवून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'चित्र सध्या कोठे आहे' याच्यापुढे त्यांनी 'दफनभूमीत, जमिनीखाली' असे लिहिले होते. मी म्हणाले, तसे नाही, 'मरियमबाईंच्या हातात' असे लिहा. मॅडमनी साहेबांकडे पाहिले. मग पहिले खोडून तसे लिहिले व त्यावर माझी सही घेतली. आता सर्व बरोबर आहे.

जबाब देणार
(सही) सौ. सगुणा सॅम्युएल पाटोळे